चिंता करू नका. पण हिशेब कोण ठेवणार?

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण श्रद्धा आणि पैसा यांबद्दल बोलत होतो. वेळ संपत आली होती आणि घाईघाईत मी एक वाक्य बोलून गेलो: ‘मत्तयच्या सहाव्या अध्यायावरचं मराठीतलं सगळ्यात चांगलं भाष्य लक्ष्मीबाई टिळकांचं आहे.’ त्यावर दोन-तीन जणांनी लगेच विचारलं की ‘स्मृतिचित्रे’ तर आत्मचरित्र आहे, त्यात भाष्य कुठे आलं? प्रश्न रास्त आहे. बोलताना उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी हा अध्याय माझ्या डोक्यात का घोळतोय ते सांगतो. मी अल ऐनला राहतो. अबुधाबीपासून दीडेक तासावर, ओमानच्या सीमेला चिकटून असलेलं, समुद्र नसलेलं शहर. डॉक्टरेट युरोपात झाली आणि पोस्टडॉकसाठी इथे आलो. माझा करार दर वर्षी वाढतो, म्हणजे वाढला तर वाढतो. घरात मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. तिघांचाही इथला मुक्काम त्या एका कागदावर. तुमच्यापैकी निम्म्यांची हीच गोष्ट असेल, देश फक्त वेगळा.

मी ख्रिस्ती नाही. पण प्रयोगशाळेतला एक सहकारी नगरचा आहे, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. एका सुट्टीच्या सकाळी तो मला प्रार्थनेला घेऊन गेला. नर्सेस, ड्रायव्हर, हिशेबनीस, सफाईचं काम करणारे, असे सगळे जमलेले. प्रवचन नेमकं त्या उताऱ्यावर: काय खाऊ, काय पिऊ, काय पांघरू याची चिंता करू नका; आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात भरत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतंच. माझ्या शेजारी बसलेल्या बाई सूचनापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडत होत्या. दिरहमाचे रुपये, शाळेची फी, घरभाडं, कुणाचं तरी औषध. बेरीज झाली, पुन्हा खोडली, पुन्हा केली. प्रवचन संपल्यावर ‘आमेन’ मात्र त्यांचंच सगळ्यात मोठं.

बाहेर आल्यावर मी मित्राला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, ‘माझी आजी हा उतारा तोंडपाठ म्हणायची आणि मग म्हणायची, पाखरांना डबा लागत नाही रे, पोरांना लागतो.’

हे दांभिकपण नव्हे, असं मला तेव्हाच वाटलं. त्या बाईंचा विश्वासही खरा होता आणि बेरीजही खरी होती. मग या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात?

आता मूळ उताऱ्याकडे जरा नीट बघू. तो डोंगरावरच्या प्रवचनात येतो, म्हणजे मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत. चिंतेचा भाग सहाव्याच्या २५व्या ओवीपासून सुरू होतो, आणि तिची सुरुवातच ‘म्हणून’ या शब्दाने होते. भेटकार्डांवर आणि व्हॉट्सॲपवर हा उतारा फिरतो तेव्हा नेमका हा ‘म्हणून’ गळून पडलेला असतो. तो कशाला जोडलाय? आधीच्या ओवीला. तिथे येशू सांगतो की दोन धन्यांची चाकरी एकाच माणसाला जमत नाही, देव आणि धन या दोघांची तर नाहीच. म्हणून चिंता करू नका. म्हणजे हा मन:शांतीचा सल्ला नाही. पोटाच्या भीतीने माणूस कुणाचा चाकर होतो, हा त्यातला मुद्दा आहे. ज्याला उद्याच्या जेवणाची धास्ती आहे त्याला कुणीही वाकवू शकतं.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. पाखरं तीन कामं करत नाहीत: पेरणी, कापणी, साठवण. पुढे रानातल्या फुलांचा दाखला येतो. ती कष्ट करत नाहीत, आणि कातत नाहीत. त्या काळातलं कातणं हे मुख्यतः बायकांचं काम. म्हणजे शेतात राबणारे पुरुष आणि घरात सूत काढणाऱ्या बाया, दोघांचीही काळजी या दोन दाखल्यांत धरलेली आहे. सांगणाऱ्याला ठाऊक होतं की चिंता दोन ठिकाणी राहते, खळ्यावर आणि चुलीपाशी. आपल्या प्रवचनांत पाखरं सारखी येतात. फुलं आली तरी त्यांच्या रंगरूपाबद्दल बोललं जातं, ती कातत नाहीत यावर कुणी थांबत नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. इथे चिंता करण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे ते ‘मेरिम्नाओ’. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली असते, बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसते. मार्था कुरकुर करते, तेव्हा येशू तिला जे म्हणतो त्यातही हेच क्रियापद आहे. त्यामुळे मार्था शतकानुशतकं चिंता करणाऱ्या बाईचं उदाहरण होऊन बसली. पण हेच क्रियापद पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना चांगल्या अर्थाने वापरतो: शरीराच्या अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी घ्यावी. मराठीत आपल्याकडे चिंता आणि काळजी असे दोन शब्द आहेत, आणि ‘काळजी’ तर दोन्ही अर्थांनी चालतो. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ ही दोन वाक्यं आपण फोनवर एका दमात बोलतो. आईला विचारा.

आता टिळकांकडे येऊ. नारायण वामन टिळक, जन्म १८६१. कवी, विद्वान, स्वभावाने अस्थिर, एका जागी आणि एका नोकरीत फार काळ न रमणारे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचू लागले आणि ज्या भागाने त्यांना धरून ठेवलं तो हाच, डोंगरावरचं प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे टिळकांच्या बाबतीत हा उतारा त्यांच्या श्रद्धेच्या दारातच होता. आणि पैशाच्या बाबतीत ते तसे जगलेही. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. घरी पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुलं. उद्याचं काय, हा प्रश्न त्यांना सहसा पडत नसे.

याची थट्टा करणं सोपं आहे, आणि करू नये असं मला वाटतं. कारण टिळकांच्या निश्चिंतीला एक फार मोठी बाजू आहे. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. मिशनचा पैसा परदेशातून येई, निर्णयही बहुतेक परदेशी माणसांच्या हाती, आणि देशी ख्रिस्ती कार्यकर्ता हा पगारी नोकर. धर्मांतरासाठी घरदार सोडलेल्या माणसाला पुन्हा पगारासाठी कुणाच्या तरी मर्जीवर राहावं लागावं, ही कुचंबणा टिळकांना फार जाणवत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा घाट घातला. बाप्तिस्मा झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीही एकत्र यावं, आणि सगळ्याला वळण आपल्या मातीचं असावं, असं ते स्वप्न होतं. ‘म्हणून चिंता करू नका’ मधला ‘म्हणून’ टिळकांना बरोबर कळला होता. पगाराची भीती गेल्याशिवाय तोंड उघडत नाही.

ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मीटिंगमध्ये गप्प बसलेले ते सगळे प्रसंग आठवा.

पण टिळकांचा संन्यास सुरू झाला तेव्हा त्यांना बायको होती. मुलगा होता, पाळलेली मुलगी होती. आणि ‘स्मृतिचित्रे’ तिथून बोलतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी लग्न. शाळा नाही; अक्षरओळख टिळकांनी करून दिली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांना आधी काही पत्ता नव्हता. मग काही वर्षं नातेवाइकांकडे, लहान दत्तूला घेऊन, काही काळ पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, जातपात स्वतःच्या विचाराने सोडली आणि १९००मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षं जगल्या. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी उतारवयात लिहिलं, १९३४पासून ते भागांनी छापून येऊ लागलं, आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला.

या पुस्तकाबद्दल बोलताना आपण साधारण तीन गोष्टी म्हणतो: भाषा साधी, विनोद निर्मळ, बाई धीराची. तिन्ही खऱ्या आहेत. टिळकांच्या वेंधळेपणाचे आणि उधळेपणाचे किस्से वाचून आपण हसतो. मला वाटतं तिथेच आपण पुस्तक अर्धं वाचतो. लक्ष्मीबाई जेव्हा सांगतात की घरात काय होतं आणि काय नव्हतं, पैसे आले किती आणि गेले कुठे, जेवायला माणसं किती आणि पीठ किती, तेव्हा त्या फक्त गंमत सांगत नसतात. नवऱ्याच्या विश्वासाची दुसरी पावती त्या आपल्याला दाखवत असतात. टिळकांनी चिंता देवावर टाकली, हे खरं. पण ती देवाकडे पोचण्याआधी वाटेत स्वयंपाकघरात थांबली आणि बराच काळ तिथेच राहिली.

मी याला भाष्य म्हणतो ते एवढ्यासाठी की पुस्तक कुठेही श्रद्धेची टर उडवत नाही. तसं असतं तर ते सोपं झालं असतं. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्याकडे आहेच, आळशाला टोचायला. टिळक खाटल्यावर पडून राहणारे नव्हते, आणि लक्ष्मीबाई त्यांना तसं म्हणतही नाहीत. त्यांना नवऱ्याचं मोठेपण कळतं, त्याच्यावर त्यांचं प्रेम आहे, पुढे त्याची श्रद्धा त्यांचीही होते. त्याचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं ते पुरं करायला त्याच बसल्या. आणि तरीही त्या हिशेब सोडत नाहीत. प्रेम आणि हिशेब एकाच वाक्यात, हसत हसत. माझ्या शेजारच्या बाईंच्या पेन्सिलीसारखंच.

उताऱ्यात जे अध्याहृत आहे ते या पुस्तकात उघड होतं: चिंता सोडली म्हणून ती नाहीशी होत नाही. घर, लेकरं, पाहुणे असतील तिथे ती एकाच्या खांद्यावरून उतरली की दुसऱ्याच्या खांद्यावर चढते. त्यामुळे ‘मी चिंता करत नाही’ असं कुणी म्हणालं की विचारायला हवं: मग तुमच्याकडे ती कोण करतं?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुरता नाही. तुकोबांची आवली आठवा. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बसला, आणि तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. आपण त्या गोष्टीत तुकोबांपुढे हात जोडतो, ते योग्यच आहे. पण पोरांच्या तोंडात काय घालायचं हे विचारणाऱ्या आवलीला कीर्तनांनी आणि सिनेमांनी काय नाव दिलं? कजाग. नामदेवांच्या घरच्या राजाईची आणि गोणाईची भांडणं तर थेट विठ्ठलाशी. ज्या घरात एक संत होतो त्या घरात दुसऱ्या कुणाला तरी भांडखोर व्हावं लागतं, असा हा साचा आहे. टिळक स्वतःला तुकोबांचे ऋणी मानत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगत. फरक एवढाच की या खेपेला आवलीच्या हाती लेखणी आली. मराठीत ही केवढी मोठी घटना आहे!

खुद्द शुभवर्तमानातही तिचा माग लागतो. लूकच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला तीन ओव्यांत एक नोंद आहे: येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत तेव्हा योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ बाया स्वतःच्या पैशाने त्यांची व्यवस्था बघत. उद्याची चिंता करू नका असं सांगणाऱ्यांचं उद्याचं जेवण कुठून येई, त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. फक्त त्यावर प्रवचन क्वचितच होतं.

इथे कुणी म्हणेल, मग हा विश्वास म्हणजे पुरुषांची चैन. तसं म्हणायला मी तयार नाही, कारण पंडिता रमाबाई मध्ये उभ्या राहतात.

रमाबाईंना देवावर भरवसा ठेवून उपाशी मरणं म्हणजे काय ते लहानपणीच ठाऊक झालं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक, कुटुंब तीर्थोतीर्थी फिरणारं. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने असलेलं सगळं पूजा-दानात आणि देवाच्या वाट बघण्यात घालवलं. अंगमेहनत कधी केली नव्हती आणि करायची तर जातीचा अभिमान आड. आईवडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे रमाबाईंनी या दिवसांबद्दल लिहिलं तेव्हा हातपाय न हलवता दैवी मदतीची वाट बघण्यावर त्यांनी कठोर बोट ठेवलं.

आणि हीच बाई पुढे केडगावला, पुणे–दौंड लाइनीवर, कुठल्याही ठरलेल्या रकमेची हमी नसताना ‘मुक्ती’ चालवते. त्यांच्या शारदासदनला बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, ती मुदत १८९८मध्ये संपत होती. तोवर १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली त्या घेऊन आल्या होत्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. या काळात त्यांच्यापुढे आदर्श होता ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा. म्यूलर १८९८मध्ये वारले तोवर दहा हजारांहून जास्त अनाथ मुलं त्यांच्या संस्थेतून गेली होती, आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची, असा त्यांचा नेम होता.

पण म्यूलर दरवर्षी सविस्तर अहवाल छापत. किती आले, कशावर गेले, सगळं. टीकाकार म्हणतील, अहवाल छापणं हेसुद्धा मागणंच झालं. असेलही. मला त्यात दुसरं दिसतं: या माणसाचा विश्वास वहीशिवाय नव्हता. आणि रमाबाईंचं केडगाव बघा. जमीन घेतली, विहिरी खणल्या, मळा केला. माग बसवले, छापखाना घातला, तेलघाणा चालवला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. ज्या घरात कष्ट करायची लाज होती त्या घरातली मुलगी दोन हजार मुलींना हाताने काम करायला शिकवत होती, आणि पहाटे त्यांच्याबरोबर प्रार्थनेलाही बसत होती. वडिलांच्या भरवशात आणि तिच्या भरवशात फरक कुठे पडला? देव बदलला असं श्रद्धावान म्हणतील. मी एवढंच म्हणेन की तिच्या भरवशात इतरांच्या जेवणाची काळजी तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकली नव्हती.

टिळक आणि रमाबाई, दोघेही डोंगरावरच्या प्रवचनाचे वाचक. एकाने त्यात स्वतःपुरतं स्वातंत्र्य वाचलं, दुसरीने जबाबदारी वाचली. आणि उतारा शेवटी काय सांगतो? आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व शोधा, म्हणजे बाकीचं मिळेल. हे सगळं ‘तुम्ही’ला उद्देशून आहे, अनेकवचनात. एकट्या माणसाने मनातली धाकधूक कशी घालवावी याची ती कृती नाही. जिथे नीतीने व्यवहार चालतो तिथे अन्न पोचतं, अशा एका जमावाची ती कल्पना आहे.

त्या जमावाचं काय झालं तेही नव्या करारात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमची मंडळी सगळं एकत्र करून जेवतेय, आणि तरी तक्रार येते: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. भाषा वेगळी, माणसं बाहेरून आलेली, म्हणून त्यांचं ताट राहून जातं. यावर कुणी त्या विधवांना पाखरांचा दाखला दिला नाही. सात माणसं नेमली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाया उपाशी राहत होत्या त्यांच्याच हाती पळी दिली. परदेशात राहणाऱ्या आपल्याला हा प्रसंग जास्त जवळचा वाटायला हवा.

मी राहतो त्या शहराने हे फार आधी ओळखलं होतं. अल ऐन म्हणजे झरा. इथे जमिनीखालून पाणी आणणारे फलज आहेत, त्यांतले काही जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीचे. २०११मध्ये युनेस्कोने या शहराच्या जुन्या जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात हे फलज आणि खजुराच्या बागा येतात. शहराच्या मधोमध सुमारे बाराशे हेक्टरांची बाग आहे, दीड लाखाच्या आसपास झाडं. मी संध्याकाळी मुलीला घेऊन तिथल्या चऱ्यांच्या कडेने चालतो. पाणी प्रत्येक बागेला पाळीने मिळतं, वेळ मोजून, आणि ती पाळी सांभाळायला एक माणूस असतो. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत पाटकरी असतो तसाच. वाळवंटात पाणी देणारा देव आहे याबद्दल इथल्या कुणालाच शंका नाही. तरी पाळी मोजणारा माणूस लागतो.

इस्लामी परंपरेतही पाखरांचा दाखला आहे. देवावर खरा भरवसा ठेवणाऱ्याला पाखरांसारखं मिळतं. ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात, संध्याकाळी भरल्या पोटी परततात. आमच्या इमारतीच्या वॉचमनचाचांनी हे मला सांगितलं आणि वर म्हणाले, ‘निकलते हैं, साब. घोंसले में बैठे नहीं रहते.’ उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही गोष्टही त्यांचीच. उंटांच्या बाजाराच्या शहरात ती पटायला वेळ लागत नाही.

आता स्वतःचं थोडं, कारण हा लेख खरं तर तिथूनच निघाला. डॉक्टरेट संपून इथला करार होईपर्यंत मधे चार महिने पगार नव्हता. मी शांत होतो. खरंच शांत होतो, झोप लागायची. ‘होईल काहीतरी’ म्हणायचो, आणि झालंही. पुढे किती तरी दिवस मी मित्रांना सांगत असे की त्या काळात मला कसली चिंता वाटली नाही, आणि यात माझा काही तरी आध्यात्मिक मोठेपणा आहे असं मला आतून वाटायचं.

गेल्या महिन्यात पॉडकास्टच्या तयारीसाठी ‘स्मृतिचित्रे’ परत वाचत होतो, मोठ्याने, बायकोला ऐकवत. टिळकांच्या कुठल्याशा उधळपट्टीच्या गोष्टीवर मी हसलो. ती हसली नाही. उठली आणि कपाटातून एक निळी वही आणून समोर ठेवली. त्या चार महिन्यांचा हिशेब. दूध, भाडं, मुलीची लस, विम्याचा हप्ता, आणि दोन ठिकाणी तिच्या बहिणीचं नाव, पुढे रक्कम. ते पैसे आपण घेतले होते हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, ‘सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘तू छान झोपत होतास. एकाने तरी झोपावं म्हटलं.’

तेव्हा मला लक्ष्मीबाई पहिल्यांदा नीट वाचता आल्या.

याचा अर्थ मी आता त्या उताऱ्याला खोटं मानतो असा नाही. उलट. पोटाची भीती माणसाला लाचार करते आणि तिच्यातून सुटणं शक्य आहे, हे मला आजही फार मोठं सांगणं वाटतं. पण ते कुणी कुणाला सांगायचं, यावर सगळं अवलंबून आहे. वही सांभाळणारीने ते मला सांगितलं तर त्यात धीर आहे. मी वही न बघता तिला सांगितलं तर ती जबाबदारी झटकणं आहे. याकोबाचं पत्र तर याहून रोखठोक आहे: उघड्या, उपाशी माणसाला काही न देता ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणण्याचा उपयोग काय, असं ते विचारतं.

या वर्षीचा करार वाढल्याचं पत्र अजून आलेलं नाही. शेवटच्या तारखेला सव्वा महिना आहे. निळी वही आता फ्रीजवर असते आणि एका आड एक आठवडा मी लिहितो. माझी बेरीज बहुधा चुकते, मग ती खोडून परत करते. मला रात्री पूर्वीइतकी लवकर झोप लागत नाही. तिला मात्र, असं ती सांगते, थोडी लवकर लागायला लागली आहे.